उन्हाळ्यात संशोधनाच्या लॅबमध्ये इंटर्नशिपला जाणार असशील तर

पहिलं सांगते, आठ-दहा आठवड्यांत शोधनिबंध निघेलच असं धरून जाऊ नकोस. मिळतं ते वेगळंच, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथे ते गाइडलाही माहीत नसतं. समज, पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) लावलास आणि ज्या ट्यूबमध्ये डीएनए घातलाच नव्हता, तिच्याही लेनमध्ये जेलवर (ज्यावर डीएनए तपासतात तो मऊ थर) बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, दिसला. म्हणजे कुठेतरी कंटॅमिनेशन झालंय, नको तो डीएनए शिरलाय. मग पाणी, प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे), एन्झाइम एकेक बदलून बघत बसायचं. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेली अशी ट्यूब, कशासाठी ठेवतात, हे अशा वेळी अंगात मुरतं. पुस्तकातून नाही मुरत.

नोंदवही त्याच दिवशी, पेनानेच लिही. चुकलेलं एका रेघेने खोड, पान फाडू नकोस. फसलेल्या प्रयोगाचंसुद्धा तापमान, वेळ, रसायनाचा बॅच नंबर, सगळं हवं. शंका पीएचडी करणाऱ्या ताई-दादांना बिनधास्त विचार. लॅब मीटिंग चुकवू नकोस, निम्मं डोक्यावरून गेलं तरी. संशोधन आपल्याला मानवत नाही असं लक्षात आलं, तर तीही कमाईच समज. निघताना गाइडला केलेल्या कामाचा दोन पानी अहवाल दे. पुढे शिफारसपत्र लिहिताना त्यांना तो उपयोगी पडतो.