लाईटबिल, पत्र्यावरचं ऊन आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात शेवटी दोनच ओळी टाकल्या होत्या, की लाईटबिलाचं काय विचारायचं असेल तर विचारा. तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून एवढं आलंय की सगळं छापायचं म्हटलं तर पाककृतीची पानं पण मलाच लागतील, आणि संपादकबाई ती काय देणार नाहीत. म्हणून सातच घेतलेत. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. वायरमनचं लायसन काढून तीस वर्षं सोलापुरात घरं-कारखाने फिरलोय, जे हाताखालनं गेलंय तेवढंच सांगणार.

प्रश्न : आमच्याकडं थंडीत 180 युनिट पडतात, मे महिन्यात एसीमुळं 320 पडले. युनिट काही दुप्पट झाले नाहीत, बिल मात्र थेट दुप्पट. परवा सोलरवाला आला होता, म्हणाला मॅडम 3 किलोवॅट बसवा, बिल झिरो. बसवू का?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

ताई, बरं झालं सही करायच्या आधी विचारलंत.

पहिलं बिलाचं. लोकांचा समज असा की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग लागतात. तसं नाहीये. पहिली 100 स्वस्तातच लागतात, तुमचं बिल कितीही असू दे. 101 ते 300 ला वीज आकार त्याच्या दुपटीहून जास्त, 301 ते 500 ला अजून जास्त. मे मधली तुमची शेवटची 20 युनिटं त्या तिसऱ्या टप्प्यात गेली. वर वहन आकार म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचवायचे पैसे, इंधन समायोजन आकार म्हणजे इंधन महागलं की लागणारा तो लागला तर तो, आणि त्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे जे युनिट आधीच महाग त्याच्यावर शुल्क पण जास्त. म्हणून बिल युनिटच्या पुढं पळतं.

आता सोलरचं गणित इथनंच सुरू होतं. पॅनल जी युनिटं वाचवतो ती वरनं वाचवतो, म्हणजे महागातली आधी. 1 किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट, महिन्याला 120 धरा, पावसाळ्यात कमी. 2 किलोवॅटची झाली 240. तुमचा थंडीतला 180 चा वापर त्यात बसून वर उरतं, आणि मे मध्ये 320 मधनं 240 गेली की 80 च राहतात, ती पण स्वस्तातली. आणि तो माणूस म्हणतो तसं 3 किलोवॅट घेतलं तर 360 युनिटं, जी तुम्ही मे मध्ये एसी लावून पण संपवू शकत नाही. मग उरलेली जातात कुठं, तर नेट मीटरमधनं, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधनं, लाईनला जातात आणि तुमच्या खात्यावर पुढच्या महिन्यासाठी जमा होतात. इथपर्यंत छान. पण हे खातं 31 मार्चला बंद होतं. त्या दिवशी जे शिल्लक असेल त्याचे पैसे मिळतात, पण रेट आपण विकत घेतो त्याच्यापेक्षा लईच कमी. म्हणजे बघा की, थंडीत साठवलेली युनिटं मार्चएंडला मातीमोल भावात जाणार, आणि दुसऱ्या दिवसापासनं आपल्या सोलापूरचा उन्हाळा सुरू! हे सोलरवाले सांगत नाहीत, विचारलं तर विषय बदलतात.

सबसिडी पीएम सूर्यघर योजनेत अशी आहे: 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, 3 ला 78,000 आणि त्याच्या वर कितीही लावा तरी 78,000 च. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला फक्त 18,000 मिळतात. ही रक्कम पॅनल बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर तुमच्या बँक खात्यात येते, तोवर पैसे आपले किंवा लोनचे. आणि झिरो बिल कधीच येत नाही, स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा नाहीतर नका वापरू लागणारी ठरलेली रक्कम, भरावाच लागतो. तेव्हा माझं मत, 2 किलोवॅट पुरे. दुसरा एसी घ्यायचा पक्का विचार असेल तरच 3.

अजून एक, हे माझ्या घरचंच. मी तीस वर्षं वायरिंग करणारा माणूस, तरी फसलो. बसवणारी पोरं सकाळी दहाला आली, ऊन लख्ख, दुपारी काम उरकून गेली. पुढं डिसेंबरात ध्यानात आलं की तीन वाजले की शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली बरोबर कडेच्या दोन पॅनलवर पडतीय. वाटलं, दोनच तर आहेत. पण एका लायनीत जोडलेल्या पॅनलमध्ये एकावर सावली पडली तर ओढ सगळ्यांना बसते, बैलगाडीत एक बैल बसल्यासारखं. परत स्टँड हलवायला साडेचार हजार गेले. म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, तीन वेळा गच्चीवर जाऊन मोबाईलवर फोटो काढा आणि मगच जागा ठरवा. थंडीत सावली लांब पडते हे पण डोक्यात ठेवा.

प्रश्न : सोलर बसवून तीन महिने झाले. काल दुपारी लख्ख उन्हात लाईट गेली तर आमची पण गेली! मग उपयोग काय?
– एक वाचक, विजापूर रोड

बिघडलेलं काही नाही दादा. नेट मीटरवालं सोलर लाईनची वीज गेली की आपोआप बंद पडतं, तसंच बनवलेलं असतं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरची वीज खालनं येऊन बसेल. लाईट गेल्यावर पण पाहिजे असेल तर बॅटरीवालं हायब्रीड घ्यावं लागतं, ते बरंच महाग. तासाभराच्या लोडशेडिंगसाठी घरातला जुना इन्व्हर्टरच ठेवा.

प्रश्न : आमचे आठ माग आहेत, टॉवेलचे. वर सिमेंटचा पत्रा. सुताचा भाव एकीकडं, लाईटबिल एकीकडं. सूर्यघर योजनेतनं कारखान्यावर सोलर होईल का?
– एक कारखानदार, पूर्व भाग

नाही अण्णा, ती योजना घरासाठीच आहे. कारखान्याला सोलर बसवता येतं, नेट मीटर पण मिळतं, सबसिडी ती मिळत नाही.

तरी गणित करून बघू. एका मागाची मोटर 1 एचपी म्हणजे 746 वॅट, चालताना सगळीच ओढत नाही, ताशी अर्धा ते पाऊण युनिट धरा. आठ माग दहा तास चालले, कांडी मशीन आणि ट्यूबलाईट धरून पन्नासेक युनिट दिवसाला. त्याला 12 किलोवॅटच्या आसपास लागेल, म्हणजे हजार-बाराशे स्क्वेअर फूट जागा. आता पत्रा. एक मोठं पॅनल पंचवीस-तीस किलोचं, असे वीसेक, म्हणजे अर्धा टन तर पॅनलच झाले, वर लोखंड वेगळं. सिमेंटच्या पत्र्यावर हे उभं करायचंच नाही. खालच्या कैच्यांवर, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या तिरप्या सांगाड्यांवर, किंवा भिंतीवरनं लोखंडी सांगाडा घ्या. आणि वजनापेक्षा मला वाऱ्याची भीती जास्त आहे, मे मधला वळीव आला की आपल्याकडं पत्रे कसे उडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सांगाड्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून मागा.

दुसरं, यंत्रमागाला सरकारची वीजदरात सवलत आहे. सोलरवाला हिशोब मांडताना बिनसवलतीचा रेट धरतो आणि म्हणतो तीन वर्षांत पैसे वसूल. तुम्ही सवलत वजा करून जो रेट हातात पडतो तो धरा, वर्षं वाढतात. वाईट नाही म्हणत मी, पण तीन म्हणजे तीन नाही.

आणि खरं सांगू का, सोलरच्या आधी मोटरी बघा. आपल्या भागात मोटर जळली की रिवाइंड, म्हणजे आतली तार परत गुंडाळायची, परत जळली की परत रिवाइंड. चार-पाच वेळा रिवाइंड झालेली मोटर हात लावून बघा, भाजते. ती उष्णता म्हणजे तुमचंच बिल. मागच्या वर्षी एका कारखान्यात सगळ्या मोटरींना क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला, आठपैकी तीन मोटरी बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त करंट ओढत होत्या आणि मालकाला पत्ताच नाही. तासाभराचं काम आहे, करून घ्या.

प्रश्न : एवढा मोठा पॉवर प्लांट आमच्या उशाला. पाणी उजनीचं, धूर आम्हाला. मग सोलापूरकरांना वीज स्वस्त द्यायला काय होतं? आणि सोलर एवढं वाढलंय म्हणतात तर बिल उतरत का नाही?
– एक चिडलेला वाचक, होटगी रोड

काका, साखर कारखान्याशेजारी राहणाऱ्याला साखर स्वस्त मिळते का? सभासदाला दिवाळीला मिळते तरी, इथं तर आपण सभासद पण नाही.

एनटीपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीचा तो प्लांट 1320 मेगावॅटचा, 660 चे दोन संच, पहिला 2017 ला चालू झाला, दुसरा 2019 ला. पण त्यातली वीज थेट तुमच्या घरी येत नाही. ती जाते देशाच्या ग्रीडमध्ये, म्हणजे देशभरच्या तारांच्या जाळ्यात, तिथनं करारातल्या वाट्याप्रमाणं राज्यांना. महावितरण अशा शंभर ठिकाणची वीज घेतं, सगळ्याची सरासरी काढतं आणि नियामक आयोगाकडनं दर मंजूर करून घेतं, तोच दर सोलापूरला आणि तोच गडचिरोलीला. वर आपल्या जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, कोळसा लांबनं रेल्वेनं येतो, त्याचं भाडं युनिटमध्ये.

आणि कोळशाच्या प्लांटचे पैसे दोन भागात द्यावे लागतात. एक कोळशाचा खर्च, जेवढी वीज घेतली तेवढा. दुसरा बांधकामाचा-कर्जाचा हप्ता, जो प्लांट तयार असला की वीज घेतली नाही तरी द्यावाच लागतो. रिक्षा दारात उभी करून ठेवली की वेटिंग द्यावं लागतं, तसंच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे. उन्हाला कोळसा लागत नाही, शेतीला वीज नेणाऱ्या लाईनसाठी (फीडर) सौर कृषी वाहिनी योजनेत जे प्रकल्प होतायत त्यांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. दुपारी ती भरपूर. पण संध्याकाळी सातला सगळ्यांचे दिवे, मिक्सर, टीव्ही, एसी एकदमच लागतात आणि सूर्य तर मावळलेला. तेव्हा कोळशाचेच प्लांट लागतात, म्हणून ते करार मोडता येत नाहीत, वेटिंग चालूच. साठवणूक स्वस्त होईल तसं हे बदलेल. आज दोन्हींचा खर्च एकदम आपल्या बिलात येतोय. धुराबद्दलचा तुमचा राग मात्र मी खोडत नाही.

प्रश्न : नवीन स्मार्ट मीटर लावून गेले. जोरात पळतंय असं सगळे म्हणतात.
– अशोक चौकातनं

संशय असेल तर अर्ज करून मीटर तपासून घ्या, तो तुमचा हक्क आहे, त्याची फी असते. पण बऱ्याचदा जुनं मीटरच म्हातारं होऊन हळू चालत असतं. एक फायदा कुणी सांगितला नसेल तर ऐका, 1 जुलै 2025 पासनं घरगुती स्मार्ट मीटरला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या युनिटला 80 पैशांपासनं सवलत आहे. दुपारी सोलरची वीज जास्त असते म्हणून. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी लावा. अर्थात आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येणार, ते रात्री दोनला आलं तर मोटर रात्री दोनलाच लागणार, त्याला मी काय करू!

प्रश्न : आई विड्या वळते, मी कॉलेजला आहे. आमचं बिल 150 युनिटचं येतं. आई म्हणते कर्ज काढून सोलर घेऊ. तुम्ही सांगा.
– एक मुलगी, विडी घरकुल

बेटा, आईला म्हणावं थोडं थांबा. तुमच्याकडं पंखे किती? मला वाटतं दोन, आणि आई दिवसभर पंख्याखालीच विड्या वळत असणार. जुना पंखा 75 वॅटचा, 16 तास चालला तर दिवसाला 1.2 युनिट, महिन्याला 36. तेच बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 वॅटचा घेतला तर महिन्याला 14 च्या आसपास. एका पंख्यामागं 21-22 युनिट वाचली, दोन पंख्यांची 43. तुमचं 150 चं 107 होईल आणि ही 43 च्या 43 युनिटं महागड्या टप्प्यातली, म्हणजे चारशे रुपयांच्या वर वाचले. पंखा अडीच ते साडेतीन हजाराला मिळतो, आधी आईच्या डोक्यावरचा बदला, दुसरा नंतर. वर्षभर बिलं जपून ठेव, मग सोलरचं बघू, तेव्हा 1 किलोवॅटच्या वर लागणार नाही.

प्रश्न : सोलापुरात 43 डिग्री ऊन. म्हणजे सोलरला सोलापूरसारखं गाव नाही, बरोबर ना?
– एक वाचक, सात रस्ता

अर्धं बरोबर. पॅनलला उजेड पाहिजे, ताप नको. कंपनी पॅनलचे वॅट 25 डिग्रीला मोजून लिहिते. त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, आणि एप्रिलच्या दुपारी पॅनलचं अंग 65 डिग्रीला सहज जातं, म्हणजे 14 ते 16 टक्के तिथंच गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालनं हवा खेळू द्या.

वर अजून थोडी वीज खाते धूळ. पूर्व भागात असाल तर मागावरनं उडणारं सुताचं तूस पण, ते दवात भिजून पॅनलवर पापडासारखं बसतं. पंधरा दिवसांनी पहाटे धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि बोअरचं पाणी टाळा. क्षाराचे पांढरे डाग पडतात आणि घासून पण निघत नाहीत, माझ्या दोन पॅनलवर अजून आहेत. नळाचं पाणी आलं त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढून ठेवायच्या, बायको बोलते, पण ठेवायच्या.