रेसिडेन्शिअरी म्हणजे नेमका कोण?

तुम्ही भाषांतर करत असलेल्या जुन्या इंग्रजी पत्रात 'कॅनन रेसिडेन्शिअरी' आलंय आणि यंत्राने त्याची 'निवासी तोफ' केली, हे वाचून हसू आवरलं नाही. तो कॅनन वेगळा, तोफेचा वेगळा. हा ग्रीक 'कानोन' म्हणजे मोजपट्टी, नियम यावरून आलेला. नियमाने बांधलेला धर्मगुरू.

आता रेसिडेन्शिअरी. 'निवासी धर्मगुरू' हा तुमचा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कुठेतरी राहतो एवढ्यावर हा शब्द लागत नाही. कॅथेड्रलपाशी, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चपाशी, ठरावीक काळ मुक्काम करणं ज्याच्यावर बंधनकारक आहे, तो रेसिडेन्शिअरी.

हे वेगळं सांगावं का लागलं, तर बाकीचे राहत नसत! मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सॉल्झबरी, लिंकन, वेल्स अशा कॅथेड्रलांत बहुतेक कॅननच्या नावे प्रेबेंड असे. आपल्याकडची इनाम जमीन डोळ्यांसमोर आणा, साधारण तसंच. उत्पन्न घरपोच मिळायचं, मग कॅथेड्रलात रोज प्रार्थना गायला कोण बसतंय? कुणी राजदरबारात, कुणी दुसऱ्याच गावी. गाण्यासाठी बदली माणसं ठेवलेली असत, त्यांना व्हिकार म्हणत. 'व्हिकार' याचा मूळ अर्थच बदली माणूस. (गोव्यातला 'विगार' हा त्याच लॅटिन शब्दाचा पोर्तुगीजमार्गे आलेला भाऊ.) जे कॅनन खरोखर येऊन राहत, त्यांना सामाईक निधीतून जादा वाटा मिळे. हेच रेसिडेन्शिअरी. पुढे 1840च्या कायद्याने डीनला (कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूला) वर्षातून किमान आठ महिने आणि या कॅननांना किमान तीन महिने राहण्याची अट घातली. तीन महिने म्हणजे आपल्या चातुर्मासापेक्षाही महिनाभर कमीच. लंडनच्या सेंट पॉल्सजवळच्या एमेन कोर्टात त्यांच्यासाठी बांधलेली घरं आजही आहेत.

व्युत्पत्ती मला जास्त आवडते. मध्ययुगीन लॅटिनमधला 'रेसिडेन्शिआरिउस', त्यामागे 'रेसिदेरे' म्हणजे मागे बसून राहणं, ठाण मांडणं. त्यात 'सेदेरे', बसणं. हा धातू आपल्या 'सद्'चा सख्खा नातेवाईक आहे: सदन, परिषद, उपनिषद, आणि इथे आपण सगळे जे आहोत ते 'सदस्य'. ('आसन' मात्र यात ओढू नका, तो 'आस्' धातू, वेगळा.) ग्रीकमध्ये आरंभीच्या 'स'चा 'ह' होतो, सप्तचा हेप्टा झाला तसा, त्यामुळे 'सद्'वरून 'हेद्रा' म्हणजे बसायची जागा, आणि त्यावरून 'काथेद्रा', बिशपचं आसन. ते जिथे, ते कॅथेड्रल. आपण शंकराचार्यांचं 'पीठ' म्हणतो, अगदी तसंच. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल पाहिलं असेल. त्यातलं 'से' म्हणजे लॅटिन 'सेदेस', पुन्हा आसनच. म्हणजे 'से कॅथेड्रल' या नावात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. गंमत अशी, की आर्चबिशपांचं आसन तिथे आणि निवास पणजीत आल्तिनोवर.

पेशवाईच्या वाचकांना 'रेसिडेंट' ओळखीचा असेल. 1811पासून पुण्यात एल्फिन्स्टन होता तो. शब्द त्याच कुळातला, काम मात्र अगदी वेगळं: दरबारात बसून कंपनीसाठी नजर ठेवायची.

'इन्कंबंट'शी गल्लत करू नका. तो पॅरिशच्या, म्हणजे एखाद्या स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, पदावर असलेला धर्मगुरू. त्या शब्दाचं मूळ 'वर रेलणं' असं आहे, राहण्याशी संबंध नाही. रेक्टर आणि व्हिकार ही पदंही पॅरिशचीच; वर आलेले कॅथेड्रलात गाणारे बदली व्हिकार वेगळे.

भाषांतरात काय लिहावं? 'पाळक' नको, आपल्याकडे तो मंडळी सांभाळणारा. 'पीठनिवासी' मोहक वाटतो, पण वाचक थेट मठात जाऊन पोचेल. मी तरी पहिल्यांदा 'कॅथेड्रलमध्ये मुक्कामाचं बंधन असलेला कॅनन' असं लिहीन आणि पुढे सरळ 'निवासी कॅनन'. फक्त 'कॅनन'च्या आधी कुठेतरी 'धर्मगुरू' येऊ द्या, नाहीतर तोफ परत येईल.