दाढेचा खर्च ऐकून परत आलो, आता दुखायचंही थांबलंय, मग थांबू का? आणि कमी पैशात उपचार कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी एका दाढेला रूट कॅनाल आणि कॅप सांगितली, शिवाय तीन दात भरायला सांगितले, आणि आकडा ऐकून तुम्ही तसेच घरी आलात. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. नका थांबू प्लीज.

किडलेली दाढ ठणकायची आपोआप थांबली की आपल्याला वाटतं बरी झाली, पण बऱ्याचदा आतली नस मेलेली असते म्हणून दुखत नाही, इन्फेक्शन मात्र मुळाच्या टोकाकडे सरकत असतं. मी हेच केलं होतं, गोळ्या खाऊन चार-पाच महिने काढले, मग एक दिवस सकाळी उठले तर गाल सुजलेला, आणि तोवर दाढ हिरडीच्या खालपर्यंत तुटली होती त्यामुळे काढावीच लागली. काढायला कमी पैसे लागले म्हणून तेव्हा बरंच वाटलं, पण पुढे त्या मोकळ्या जागेत शेजारची दाढ कलली, वरची खाली उतरायला लागली, शेवटी ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला खोटा दात) बसवला आणि त्यासाठी दोन्ही बाजूचे चांगले धडधाकट दात घासून बारीक करावे लागले. सगळं मिळून रूट कॅनालच्या कितीतरी वर गेलं. म्हणून काढून टाकणं स्वस्त असं कोणी म्हणालं तर नंतर तिथे काय बसवणार आणि त्याचे किती, हे त्यात धरूनच हिशोब करा.

आता आकडा एवढा का होतो. पुढच्या दाताच्या मुळात नसेची सहसा एकच नळी असते, मोठ्या दाढेला तीन, कधी चार, आणि प्रत्येक नळी बारीक फाइलने साफ करून, मोजून, भरायची असते, म्हणून दाढेचा रेट वेगळा. कॅप लॅबमधून बनून येते, तिचं बिल वेगळं. आणि पैसे वाचवायची खरी जागा इथेच आहे! मेटलची कॅप सगळ्यात स्वस्त, मग मेटलवर सिरॅमिकवाली, झिर्कोनियाची महाग. अगदी मागची दाढ हसताना दिसत नसेल तर मेटल घ्या, मजबूत असते आणि तिच्यासाठी दातही कमी घासावा लागतो. फक्त कॅपच नको असं करू नका, रूट कॅनाल झालेली दाढ आधीच पोखरलेली असते, चावताना उभी चिरली तर मग काढण्यावाचून इलाज नसतो.

डॉक्टरांकडून एकूण आकडा घेऊ नका, दातागणिक लिहून मागा. बऱ्याच ठिकाणी दाताला दोन आकडी नंबर असतो, म्हणजे ३६ लिहिलं असेल तर डावीकडची खालची पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे तीच उजवीकडे. आणि सरळ विचारा, यातलं आत्ता करायलाच हवं असं काय आणि सहा महिने थांबलं तर चालेल असं काय. तुमच्या तीन दातांपैकी एखाद्याची कीड फक्त इनॅमलपुरती, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरापुरती असेल तर फ्लोराइड लावून लक्ष ठेवायला सांगतातही. विचारायला लाजू नका, चांगले डॉक्टर समजावून सांगतात. एक्सरे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा, पण पहिल्यांनी काय सांगितलं ते आधी बोलू नका.

स्वस्तात हवं तर माझी पहिली पसंती डेंटल कॉलेज. विद्यार्थी करतात म्हणून लोक घाबरतात, पण तिथे शिकवणारे डॉक्टर मध्ये मध्ये येऊन तपासतात, त्यामुळे वेळ खूप जातो, जास्त खेपा पडतात, पण खर्च बराच कमी. दाढेचं काम असेल तर पदव्युत्तर शिकणाऱ्यांकडे मिळेल का विचारा. सरकारी दवाखान्यात दात काढणं, भरणं बहुतेक होऊन जातं, कॅपचं आधी विचारून घ्या. प्रायव्हेटमध्येच करायचं तर प्रत्येक सिटिंगला थोडे थोडे पैसे देऊ का असं बोलून बघा, बरेच जण तयार होतात. मात्र अर्धवट सोडू नका, मधलं टेंपररी सिमेंट निघतं आणि लाळेतून परत इन्फेक्शन आत जातं.

एक गोष्ट मात्र वेगळी. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरायला लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर स्वस्त-महाग बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

तसं काही नसेल तर उद्याच आधीच्या डॉक्टरांकडून तुमच्या एक्सरेची कॉपी मागून घ्या, कॉलेजमध्ये पहिल्याच खेपेला कामाला येईल. आणि कुठल्या दाताला काय सांगितलंय ते इथे टाका, आधी कुठलं करायचं ते डॉक्टरांना कसं विचारायचं एवढं मी नक्की सांगू शकेन.