अकरावीपासून गणित नाही, नेटवर्किंग जमेल का?

(गोव्यातल्या वाळपईहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या शाखेतला एक विषय निवडायचा आहे आणि तिने ‘संगणक नेटवर्किंगची ओळख’ हा पेपर धरला आहे. वडील विचारतात: अकरावीपासून गणित नाही, जमेल का? हे शिकून उद्या खांबावर केबल ओढत फिरायचं का? एआय आलं असताना याला किती दिवस किंमत राहणार? आणि यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?)

नमस्कार,

विषय जरूर घेऊ द्या. फक्त फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन एवढं विचारा की प्रात्यक्षिकाचे तास किती आणि त्या तासांत मुलांच्या हातात काय देतात. श्रेयांकाच्या हिशेबात लेक्चरचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा ४ क्रेडिटच्या पेपरात ३ लेक्चरचे आणि १ प्रात्यक्षिकाचा असेल, तर ३० तास तिला लॅबमध्ये मिळायला हवेत. लॅबमध्ये एखादा खरा स्विच (मशीनं केबलने एकमेकांना जोडणारी पेटी), क्रिम्पिंग टूल (केबलला टोक लावायची पक्कड) आणि केबल टेस्टर असेल तर उत्तम. नुसता पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर नेटवर्क मांडून बघायचं सॉफ्टवेअर, असला तरी चालेल. पण ‘प्रात्यक्षिक’ म्हणजे जर्नलमध्ये आकृत्या काढून सही घेणं असं उत्तर आलं, तर दुसरा विषय बघा. हा पेपर पाठांतराने सुटतो, पण काम त्याने येत नाही.

आता गणिताचं. यात कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. लागते ती २च्या पटीतली बेरीज-वजाबाकी: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो, तो आयपी पत्ता. या पत्त्यांचे गट पाडणं म्हणजे सबनेटिंग. बहुतेक मुलं अडतात ती सबनेटिंगला, आणि तेही गणित अवघड म्हणून नाही, तर पत्त्यांचे गट कशासाठी पाडतात हे न समजता सूत्र घोकल्यामुळे. म्हणून तेवढं इथेच दाखवतो.

एका कार्यालयाला १९२.१६८.१०.० हा पत्त्यांचा गट दिला आहे. शेवटच्या आकड्यात ० ते २५५, म्हणजे २५६ पत्ते. काउंटरची मशीनं, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय आणि हिशेब विभाग असे चार भाग वेगळे ठेवायचे आहेत. २५६चे चार भाग केले की प्रत्येकी ६४, आणि त्यांची सुरुवात ०, ६४, १२८ आणि १९२ला. गट केवढा ते मशीनला सांगणारा आकडा, म्हणजे सबनेट मास्क, २५५.२५५.२५५.१९२. प्रत्येक गटातला पहिला पत्ता गटाच्या नावासाठी आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून वापरायला ६२. आता शेवटी १०० असलेलं मशीन कुठल्या गटातलं? ६४ ते १२७च्या. त्याला ६५ ते १२६ यांतलाच पत्ता गेटवे (गटाबाहेर जायचं दार) म्हणून द्यावा लागतो. नवखा मुलगा सवयीने १९२.१६८.१०.१ टाकतो. मग शेजारच्या मशीनला पिंग (‘आहेस का?’ अशी चाचणीची हाक) जातं, पण बाहेरचं काहीच उघडत नाही, कारण गेटवे दुसऱ्याच गटात पडला. दोन तास केबल बदलत बसण्यापेक्षा ही एक ओळ वाचता येणं, हेच या पेपरचं खरं शिक्षण. चवथीच्या सुट्टीत रोज अशी पाच उदाहरणं कागदावर सोडवली तर ही भीती संपते.

केबलबद्दल. ओळख करून देणाऱ्या पेपरात एक-दोनदा आरजे-४५ कनेक्टर, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग, लावावाच लागतो आणि तो नीट लावता येणं ही हलकी गोष्ट नाही. बाहेरचं आवरण साधारण तीन सेंटिमीटर सोलायचं, पीळ दिलेल्या चार जोड्यांच्या आठ तारा सरळ करून ओळीने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग पीळ उलगडलेला भाग जेमतेम १३ मिलिमीटर ठेवून बाकीचं कापायचं आणि तारा कनेक्टरच्या टोकाला टेकेपर्यंत आत सरकवायच्या. आवरणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तार निघते.

यात एक फसवी चूक होते. हिरव्या जोडीच्या दोन तारा ३ आणि ६ क्रमांकावर का, असं वाटून मुलं प्रत्येक जोडी शेजारी-शेजारी लावतात. दोन्ही टोकांना तसंच केलं तर साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. पण ३ आणि ६वर जाणारा सिग्नल दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारांत विभागला जातो, पिळामुळे मिळणारं संरक्षण जातं आणि लिंक अडखळते किंवा लागतच नाही. दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असं नसतं.

आपल्याकडे याला पावसाचीही जोड आहे. दोन इमारतींमध्ये छपरावरून तांब्याची केबल ओढली की वळवाच्या किंवा परतीच्या पावसातल्या विजेने स्विचचे पोर्ट जळतात. म्हणून इमारतींमधल्या जोडणीला फायबर वापरतात. तांब्याला तशीही १०० मीटरची मर्यादा आहे.

खांबावर चढणं हे वेगळं काम आहे, त्यालाही कसब लागतं आणि ते करणाऱ्यांना कमी लेखू नये. तुमच्या मुलीचं काम बहुधा स्क्रीनसमोरचं राहील. वाणिज्य शाखेची म्हणून तिला एक फायदाही आहे. समजा एका दुकानात टॅलीचा डेटा एका मशीनवर ठेवलाय आणि बाकीची तीन मशीनं त्याला आयपी पत्त्याने शोधतात. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, त्या मशीनला डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) दुसराच पत्ता मिळाला, आणि सगळे म्हणतात ‘डेटा गेला’. डेटा जागेवरच असतो, पत्ता तेवढा बदललेला असतो. त्या मशीनचा पत्ता राउटरवर राखून ठेवला की हा त्रास थांबतो. हिशेबही कळतो आणि हेही कळतं, अशी व्यक्ती कुठल्याही कार्यालयाला हवीच असते.

बिघाड शोधण्याचा क्रम तिने पहिल्या महिन्यातच अंगवळणी पाडावा. आधी पोर्टचा दिवा. मग आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा पत्ता दाखवणारी विंडोजची आज्ञा: पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग गेटवेला पिंग. मग ८.८.८.८ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग. ते जातं पण वेबसाइटचं नाव उघडत नाही, तर बहुधा डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत) घोटाळा. ओएसआयचे सात थर (नेटवर्कचं काम थरांत मांडणारा आराखडा) परीक्षेला येणारच, पण ते या क्रमाशी जोडून वाचले तर पाठ करावे लागत नाहीत.

एआयची काळजी रास्त आहे, पण या विषयाचा पाया हळू बदलतो. आयपीचा (पत्त्यावरून डेटा पोचवण्याच्या नियमांचा) जो मसुदा १९८१च्या सप्टेंबरात ठरला, त्याच्यावर आजही आपल्या घरातला राउटर चालतो. १ जानेवारी १९८३ला आर्पानेट (इंटरनेटचं पूर्वरूप) टीसीपी/आयपी या नियमांवर आलं, तेव्हाचीच तीन पॅकेटची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) सुरुवात आज वायरशार्क या नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. तिने घरच्या वायफायवर वायरशार्क लावून एक वेबसाइट उघडावी आणि ही तीन पॅकेटं स्वतः शोधावीत. मात्र फक्त घरच्याच नेटवर्कवर. कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय असं काही करणं तिला माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कचाट्यात आणू शकतं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: या एका पेपरावर नोकरी मिळत नाही. किनाऱ्यावरची हॉटेलं, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, बँका, इस्पितळं या सगळ्यांना नेटवर्क बघणारी माणसं लागतात, पण ते प्रत्यक्ष काम आणि पुढचं शिक्षण बघतात. पेपर झाल्यावर गोडी टिकली तर सीसीएनएची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची, तयारी करावी. आत्ताच हजारो रुपये भरून खाजगी क्लास लावू नका. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे) नेटवर्किंगचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच पैसे पडतात.

लॅपटॉप नवा नको. पॅकेट ट्रेसर ४ जीबी रॅमवर चालतो, ८ असेल तर बरं. सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीचं मोफत खातं काढलं की तो उतरवता येतो. पहिल्याच आठवड्यात तिने दोन संगणक आणि एक स्विच एवढंच मांडावं, एकाचा मास्क मुद्दाम चुकीचा टाकावा आणि पिंग कुठपर्यंत जातं, कुठून परत फिरतं, ते वहीत लिहून ठेवावं.