काजव्यांचं झाड तुमच्या टेंटपासून किती पावलांवर आहे?

तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली. मुलुंडहून निघणार, मुलं चार आणि नऊ वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखरे, जूनचा दुसरा शनिवार, भंडारदऱ्याला तलावाकाठचा टेंट, 'काजवा पॅकेज'. आणि तुमचा पहिला प्रश्न काय, तर स्लीपिंग बॅग घरून न्यायची की तिथे मिळते. बायको म्हणाली, "अगं बाई, हे तर आपणच!" फरक इतकाच की आमच्याबरोबर सासूबाईंऐवजी माझी आई होती आणि आम्ही कल्याणहून निघालो होतो.

स्लीपिंग बॅग मिळते. रेनकोट, मुलांची औषधं, टॉर्च हे काय तुम्ही भरालच, त्यात शिरत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, जी मी विचारली नव्हती.

आमचा शनिवार म्हणजे १० जून २०२३. फोनवर बुकिंग केलं. पलीकडचा मुलगा अतिशय गोड बोलणारा. मी त्याला सगळं विचारलं: वॉशरूम किती लांब, व्हेज वेगळं शिजवता का, मुलीला रात्री दूध मिळेल का, पार्किंगला पैसे आहेत का. शेवटी विचारलं, काजवे दिसतील ना? तो म्हणाला, "टेंटच्या दारात असतात, सर." मी खूश. पूर्ण पैसे भरले. ॲडव्हान्स नव्हे, पूर्ण. लवकर भरले तर पाचशे रुपये सूट होती.

आता हे वाचा, मग पुढे बोलू. काजवे झाडांवर असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, अशी रानातली मोठी झाडं. तलावाचा काठ जूनमध्ये कसा असतो माहितीये? पाणी उतरून खाली गेलेलं, उघडी पडलेली भेगाळ जमीन, त्यावर एक झुडूप नाही. फोटोत जे 'लेकसाईड' दिसतं ते हेच. आमचे टेंट त्या मोकळ्या जमिनीवर रांगेने ठोकलेले, दर चार टेंटांमागे बांबूला एक हॅलोजन, आणि जेवणाच्या मांडवात स्पीकर. काजवा अंधारात उजेड दाखवून जोडीदार शोधतो हो, त्याने हॅलोजनखाली येऊन करायचं काय?

साडेसातला मी विचारलं, काजवे कुठे. तिथला पोऱ्या प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "इथं नाय साहेब, गाडीनं पुढं जावं लागंल." म्हणजे संध्याकाळच्या जेवणाची ताटं तशीच ठेवून मुलांना गाडीत कोंबायचं आणि शनिवारच्या रात्री त्या एकेरी रस्त्याला लागायचं, जिथे अख्खी मुंबई, पुणे आणि नाशिक त्याच कामासाठी आलेलं. भंडारदऱ्याच्या शेंडी गावातून बाहेर पडायलाच पाऊण तास. समोरून येणाऱ्या गाड्यांचे अप्पर लाईट, मागून हॉर्न, खिडकीतून डोकी बाहेर काढून "दिसले का, दिसले का" ओरडणारे लोक. वनखात्याच्या नाक्यावर पोचलो तेव्हा नऊ वीस झाले होते. त्या वर्षी रात्री नऊनंतर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात गाडी सोडत नव्हते. नाक्यावरच्या माणसाचं काही चुकलं नाही, नियम बरोबरच आहे, माझं तर म्हणणं आहे आठलाच बंद करा. पण ज्या बुकिंग ऑफिसने पैसे घेतले त्यांना हा नियम माहीत नव्हता यावर माझा आजही विश्वास नाही.

परत फिरायला जागा नाही. पुढची मागची गाडी हलत नाही. आई मागच्या सीटवर, गुडघा दुमडून बसून बसून ताठरलेला, आणि तिला बाथरूमला जायचं होतं. सत्तरीच्या बाईला दोन्हीकडून हेडलाईट पडत असताना कुठे उतरवणार? ती एक शब्द बोलली नाही. मांडीवर डाळीच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता, तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मला त्या रात्रीचं सगळ्यात जास्त आठवतं ते हे. धाकटीला उलटी झाली, मोठा चिडून झोपला. टेंटवर परत आलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते आणि मांडवातली पातेली घासायला गेली होती. लाडू खाल्ले आणि झोपलो.

हां, एक काजवा दिसला. जाममध्ये असताना कुठून तरी खिडकीतून आत आला, डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पायाशी बसला आणि दोनदा लुकलुकला. मुलं झोपलेली. उठवावं का म्हणेपर्यंत गेला.

सोमवारी ऑफिसला फोन लावला. "काजवे नैसर्गिक आहेत सर, त्याची गॅरंटी नसते." अहो, मी काजव्यांची गॅरंटी मागतच नव्हतो, जागेबद्दल खोटं का सांगितलं हे विचारत होतो. तीन दिवसांत तीन वेगळी माणसं बोलली. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. तिसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "सर, तुम्ही आमच्या नक्की कोणत्या साईटवर होता?" तेव्हा कळलं की फोनवरच्या एकानेही ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नाही. शहरातल्या खोलीत बसून चार जिल्ह्यांतले टेंट विकतात. नाव लिहीत नाही. नाव बदलून असेच दहा आहेत, एकाचं लिहून उपयोग नाही. पैसे अर्थातच आले नाहीत.

म्हणून, ताई, आज त्यांना फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: ज्या झाडावर काजवे येतात ते टेंटपासून चालत किती पावलांवर आहे? "जवळच आहे", "पाच मिनिटं ड्राईव्ह" असलं काही उत्तर आलं, की समजा. रात्री गाडी काढावी लागणार असेल तर लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी या भानगडीत पडूच नये. माझं मत टोकाचं वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे. शिवाय हेडलाईटमुळे काजव्यांची ती उजेडाची खूण जोडीदारापर्यंत पोचतच नाही. प्रौढ काजवा जगतो कसाबसा दोन-तीन आठवडे, आणि आपण त्याच दिवसांत तिथे जत्रा भरवतो.

दुसरी चूक तारखेची. तुम्ही दुसरा शनिवार का निवडलात? कारण तुम्हाला सुट्टी आहे. काजवे सुट्टी बघत नाहीत, पाऊस बघतात. वळवाच्या सरी पडल्या की निघतात आणि पाऊस नीट लागला की आटोपतात. साधारण मेअखेर ते जूनचा मध्य म्हणतात ते खरं, पण ते 'साधारण' फार फसवं आहे. २०२३ला मुंबईत मान्सून आला २५ जूनला. २०२५ला आला २६ मेला. जवळजवळ महिन्याचा फरक! तेव्हा दोन महिने आधी तारीख ठोकून पूर्ण पैसे भरणं म्हणजे जुगार. तारीख बदलून देईल अशा माणसाकडेच बुक करा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याला विचारा, "झाडं पेटायला लागली का?" तो तिथेच राहणारा असेल तर खरं सांगतो. आणि कॅलेंडरवर अमावास्या बघा. चांदण्यात काजव्यांची निम्मी मजा जाते.

आम्ही परत गेलो, २०२४ला. ५ जून, बुधवार. लोकसभेच्या मतमोजणीनंतरचा दिवस, अख्खा महाराष्ट्र टीव्हीपुढे, रस्ता मोकळा. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. शाळा साधारण १५ जूनला उघडतात, म्हणजे मुलांची रजा काढायची गरज नाही, आपली दोन दिवसांची काढावी लागते. काढा. तुमच्या पोस्टमध्ये 'वीकेंडलाच जमेल' असं आहे, तर मग खरं सांगू का, यंदा नका जाऊ.

या वेळी टेंट नाही. तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं आहेत, त्यातल्या एका घरात उतरलो. कुठलं ते मुद्दाम सांगत नाही. मागे एकदा इथे एका जागेचं नाव लिहिलं होतं आणि पुढच्या वर्षी तिथे बस लागलेल्या पाहिल्या. शोधा, फोन करा, मिळतं. पक्कं घर, पंखा, अंगणात बाज. साडेसहाला जेवायला वाढलं: नागलीची भाकरी, पिठलं, भात. मुलांनी भाकरी खाल्ली नाही, भात खाल्ला, ठीक आहे.

आठच्या सुमारास घरमालक म्हणाला, "चला, बॅटऱ्या बंद." गोठ्यामागून बांधावर चढलो, मोजून दीडशे पावलं असतील. आईला त्याने आधीच प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली होती. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते, तेवढं मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रडारड. मग समोरच्या सादड्याच्या बुंध्याशी चार-दोन ठिपके. मग फांदीभर. आणि मग एकाएकी सगळं झाड एकदम लख्ख होतं आणि एकदम विझतं, परत लागतं, परत विझतं, आणि कधी कधी ती लाट या झाडावरून पलीकडच्या हिरड्यावर जाते. धाकटीने विचारलं, "बाबा, याची वायर कुठेय?" आई नुसती हसत होती. आम्ही तासभर बसलो. कोणी मोबाईल काढला नाही, कारण काढून उपयोगच नसतो.

त्यावरून एक. इंटरनेटवरचे जे फोटो पाहून तुम्ही ठरवलंय, पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं अख्खं रान, ते कॅमेरा स्टँडवर लावून, बराच वेळ शटर उघडं ठेवून, असे अनेक फोटो एकावर एक जोडून केलेले असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते त्याहून चांगलं, कारण ते हलतं. पण मुलाला आधी फोटो दाखवून नेलंत तर तो "एवढेच?" म्हणणार. दाखवू नका.

बारीकसारीक गोष्टी, सुचतील तशा. डासांचा स्प्रे झाडाजवळ मारू नका, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. टॉर्च लागलाच तर काचेवर लाल जिलेटिन पेपर लावा आणि जमिनीकडेच धरा. बूट हवेतच, चपला नकोत, त्या दिवसांत साप, विंचू बाहेर पडतात. आणि काजवे बाटलीत भरू देऊ नका, मग मुलाने कितीही भोकाड पसरलं तरी. रोख पैसे वाटेतल्या घोटी गावातच काढा. पुढे रेंज येते-जाते, त्यामुळे घरमालकाचा नंबर आणि रस्ता कागदावर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी काय करायचं हे तुम्ही विचारलंय आणि पॅकेजात सांदण दरी लिहिलीय. जूनमध्ये, मुलांना घेऊन, सांदण दरी? वर कुठे सर पडली तर त्या चिंचोळ्या घळीत पाणी कधी येईल सांगता येत नाही. हे पॅकेजात लिहिणाऱ्यांना काय म्हणावं. कळसूबाईसुद्धा नाही, १६४६ मीटर आहे, शिड्या आहेत, चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन शिडी चढणारे बाप मी पाहिलेत आणि मला घाम फुटलाय. त्यापेक्षा सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात जा. सासूबाईंना दर्शन होतं, शेजारची पुष्करणी बघून मुलं खूश होतात. रंधा धबधब्याला तोवर पाणी असेल-नसेल, अपेक्षा ठेवू नका. राजूरला जाणं झालं तर पेढे घ्या, बाकी काही नाही.

(मी गाईड नाही, वनखात्याशी संबंध नाही, दोनदा गेलेला साधा माणूस आहे. नाक्याची वेळ, प्रवेश फी, कुठल्या भागात सोडतात हे दर हंगामात बदलतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या माणसालाच विचारा. माझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट नाक्यावर दाखवून वाद घालू नका, एकाने घातला होता.)

आणि सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीय, पण ती पहिली असायला हवी होती. गावातल्या घरांत बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचा संडास असतो, 'वेस्टर्न आहे' म्हणाले तरी फोटो मागवा. आम्ही दुसऱ्या खेपेला घडीची कमोड खुर्ची डिकीत टाकून नेली. मेडिकल स्टोअरवाल्याकडे भाड्याने मिळते. आईने आधी "लोक काय म्हणतील" म्हणून नको म्हटलं होतं. पोचल्यावर घरमालकाच्या आईने ती खुर्ची नीट फिरवून फिरवून पाहिली आणि कुठे मिळते ते विचारून घेतलं.