प्रश्न तुमचे: बिघडल्यावर डेटा किती वेळात परत मिळेल?

गेल्या अंकात ऑफिसमधल्या डेटाबद्दल प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. बहुतेकांनी 'कोणती मशीन घेऊ?' असं विचारलं आहे. आम्ही मात्र प्रत्येक उत्तर दुसऱ्या टोकापासून सुरू केलं आहे: ती मशीन उद्या सकाळी बंद पडली, तर काम किती वाजता सुरू होईल?

प्रश्न: आमचं डाय आणि मोल्ड बनवण्याचं वर्कशॉप आहे. ९ कॉम्प्युटर, ड्रॉइंगच्या फायली मिळून २.२ टीबी. विक्रेत्याने चार डिस्कचा नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) आणि ४ टीबीच्या ४ डिस्क सुचवल्या आहेत. 'रेड ५ लावून देतो, मग बॅकअपची कटकट नाही' असं तो म्हणतो. घ्यावा का?
— वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: नॅस घ्या, पण त्याचं दुसरं वाक्य विसरा. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत. रेड ५ मध्ये चारपैकी एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा नोंदीला) जाते, म्हणजे १६ पैकी १२ टीबी हाती राहते. (विंडोजमध्ये १०.९ दिसेल. त्यात फसवणूक नाही, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने.) एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, एवढं खरं.

खरी परीक्षा नवी डिस्क घातल्यावर सुरू होते. गेलेल्या डिस्कवरचा मजकूर नव्याने बांधायला उरलेल्या तीन डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात. त्याच वेळी नऊ जण ड्रॉइंग उघडत असतील, तर दीड-दोन दिवसही जातात. एवढ्या वेळात उरलेल्यांपैकी आणखी एक डिस्क गेली, तर सगळंच गेलं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १२.५ टीबी वाचताना एखादा सेक्टर (डिस्कवरचा लहानसा तुकडा) वाचता न येण्याची शक्यता धरलेली असते, आणि तुम्हाला वाचायचे आहेत १२ टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या आणि एकाच उष्णतेत चाललेल्या असतात. म्हातारपणही त्यांना बरोबरच येतं.

शिवाय एखाद्याने चुकून फोल्डर उडवला, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, पॉवर सप्लाय जळताना डिस्कही घेऊन गेला, गाळ्यात पाणी शिरलं किंवा चोरी झाली, तर चारही डिस्कना एकाच क्षणी फटका बसतो. यातल्या एकाही संकटावर रेड हा उपाय नाही. रेडमुळे एवढंच होतं, की डिस्क गेली त्या दिवशी काम थांबत नाही.

२.२ टीबीसाठी आमचा सल्ला असा. ८ टीबीच्या दोनच डिस्क घ्या आणि रेड १, म्हणजे आरशासारखी जोडी लावा. पुनर्बांधणी म्हणजे इथे एका डिस्कची सरळ नक्कल असते. चार खणांचा नॅस घेतलात, तर दोन खण पुढच्या वाढीसाठी रिकामे ठेवा. डिस्क घेताना माहितीपत्रकावर 'सीएमआर' लिहिलेलं पाहा. 'एसएमआर' प्रकारात ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या कामात हे जाणवत नाही. पुनर्बांधणीत मात्र वेग इतका पडतो, की नॅस चांगल्या डिस्कलाही 'मेली' समजून बाहेर काढू शकतो.

मग स्नॅपशॉट (त्या क्षणी फायली कशा होत्या त्याची नोंद) चालू करा: दर तासाचे २४, रोजचे ३०. ते त्याच डिस्कवर राहतात म्हणून बॅकअपमध्ये मोडत नाहीत, पण उडवलेला फोल्डर दोन मिनिटांत परत मिळतो.

बॅकअपसाठी ४ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क घ्या, त्यांवर 'अ' आणि 'ब' लिहा. आठवडाभर एक जोडलेली, दुसरी मालकांच्या घरी, आणि शनिवारी अदलाबदल. दोन्ही एकाच वेळी गाळ्यात असता कामा नयेत, तासाभरासाठीही नाही. तिसरी प्रत क्लाउडवर. ५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) अपलोडवर पहिले २.२ टीबी चढायला चार दिवसांहून थोडा जास्त वेळ लागेल, नंतर रोजचे बदल तेवढे जातील. ते सगळं १०० एमबीपीएसने उतरवायचं झालं तर दोन दिवस. यूएसबी डिस्कवरून तेच काम चार-साडेचार तासांत होतं. म्हणून यूएसबी डिस्क तुमच्या दुसऱ्या दिवसाच्या शिफ्टसाठी, आणि क्लाउड गाळाच जळाला किंवा बुडाला तर त्यासाठी.

नॅस टेबलाखाली ठेवू नका. २६ जुलै २००५ ला ठाणे जिल्ह्यातल्या तळमजल्यांनी काय पाहिलं, ते ठाणेकरांना सांगायला नको. भिंतीवर पाच फुटांच्या वर लहान रॅक ठोकून घ्या, आणि ग्राइंडरच्या धुळीपासून शक्य तितका लांब. लोखंडाची बारीक पूड पंख्यातून आत जाते आणि सर्किट बोर्डवर बसते.

प्रश्न: आमचं सीए ऑफिस आहे. सगळ्या फायली क्लाउड ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये आपोआप सिंक होतात, मग वेगळा बॅकअप कशाला? अशिलांचा डेटा किती वर्षं ठेवायचा?
— वाशी, नवी मुंबई

उत्तर: सिंक म्हणजे इथे जे झालं ते तिथेही करायचं. इथे फाइल उडाली तर तिथेही उडते, इथे रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने) कुलूप लावलं तर कुलूपबंद प्रतच वर चढते. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण साधारण ३० दिवसांपर्यंतच. मार्चमध्ये बिघडलेली फाइल तुम्ही सप्टेंबरमध्ये ऑडिटच्या वेळी उघडणार असाल, तर त्या आवृत्त्यांचा उपयोग नाही.

रॅन्समवेअरची रीत अगदी साधी आहे. ज्या कॉम्प्युटरवर ते शिरतं, त्या कॉम्प्युटरला जिथे जिथे लिहिता येतं ते सगळं ते बिघडवतं. झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला नॅस त्यात आला, जोडून ठेवलेली यूएसबी डिस्कही आली. म्हणून बॅकअप कॉम्प्युटरने नॅसवर ढकलू नये, नॅसने स्वतःच्या वेगळ्या खात्यातून तो ओढून घ्यावा. बॅकअपच्या फोल्डरवर लिहिण्याचा हक्क कुठल्याही कर्मचाऱ्याला नको, भागीदारांनाही नको. 'अ‍ॅडमिन' नावाचं मूळ खातं बंद करा, आणि घरून काम करता यावं म्हणून राउटरवर नॅसचा पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका. २०२१ आणि २०२२ मध्ये असे उघडे नॅस शोधून कुलूपबंद करणारी मालवेअर जगभर फिरली होती. घरून यायचं तर व्हीपीएनने (ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित, बंद जोडणीने) या. क्लाउडवर 'ऑब्जेक्ट लॉक'ची सोय असेल तर ३० दिवसांची लावा. त्या काळात ती प्रत मालकालाही पुसता येत नाही, हाच तिचा फायदा.

बॅकअप एन्क्रिप्ट केला (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा केला) असेल तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पासवर्ड ज्या कॉम्प्युटरवर होता तोच गेला, तर उरलेल्या प्रतीचा काही उपयोग नाही.

टॅलीबद्दल एक गोष्ट. सगळे जण कंपनी उघडून बसलेले असताना फोल्डर कॉपी केला, तर अर्धवट लिहिलेल्या फायली कॉपी होतात. कॉपी झाल्याचा संदेश येतो, उघडताना मात्र डेटा खराब निघतो. संध्याकाळी सर्वांनी बाहेर पडायचं, टॅलीच्याच बॅकअप पर्यायाने प्रत काढायची, आणि मग ती प्रत नॅसने उचलायची.

वर्षांचा हिशेब तुम्हाला आमच्याहून चांगला ठाऊक असणार, तरी इतर वाचकांसाठी देतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपनीची हिशेबपुस्तकं मागच्या ८ आर्थिक वर्षांची हवीत. जीएसटीची नोंदपुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोज घ्यावा लागतो. त्यामुळे क्लाउडचं खातं उघडताना 'रीजन' विचारला की मुंबई किंवा हैदराबादसारखा भारतातलाच निवडा. पुढच्या बटणावर नुसतं क्लिक करत गेलात, तर डेटा भलत्याच देशात जाऊन बसू शकतो.

प्रश्न: कारखान्यात इन्व्हर्टर आहे. नॅसला वेगळा यूपीएस लागतोच का?
— रबाळे एमआयडीसी

उत्तर: लागतो. साधा इन्व्हर्टर वीज बदलून घेताना क्षणभर अडखळतो. ट्यूबलाइटला ते चालतं, नॅस मात्र तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो आणि मेमरीतलं, डिस्कवर अजून न लिहिलेलं सगळं जातं. शिवाय इन्व्हर्टर नॅसला 'आता बॅटरी संपतेय' असं सांगू शकत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा बाजूच्या वाहिन्या बंद पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई काही तास अंधारात गेली. तितका वेळ कुठलाही छोटा यूपीएस टिकत नाही, टिकायची गरजही नाही. नॅस व्यवस्थित बंद होण्याइतका वेळ मिळाला की पुरे.

६०० व्हीएचा, यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या. यूएसबी केबल नॅसला जोडा आणि वीज गेल्यावर ५ मिनिटांनी बंद व्हायची सूचना नॅसमध्ये भरा. नेटवर्क स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर, लेझर प्रिंटर मात्र अजिबात नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आपल्या उकाड्यात दोनच धरा.

प्रश्न: सोसायटीच्या १६ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ऑफिसच्या ८ टीबीच्या नॅसवर ठेवता येईल का? ३० दिवसांचं हवं आहे.
— घणसोली

उत्तर: मावणार नाही. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी लिहितो. १६ कॅमेऱ्यांचे दिवसाला ६९१ जीबी, ३० दिवसांचे जवळजवळ २१ टीबी. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) वापरून साधारण निम्मं केलं तरी १० टीबीच्या वर. मावलं असतं तरी आम्ही नकोच म्हटलं असतं. कॅमेरे चोवीस तास लिहितात, आणि हिशेबाची फाइल त्यांच्या रांगेत उभी राहते. वेगळा एनव्हीआर (फक्त कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) आणि त्यात पाळत ठेवण्यासाठीच बनवलेली डिस्क घ्या.

प्रश्न: बॅकअप 'यशस्वी' झाल्याची ईमेल रोज येते. मग निश्चिंत राहावं का? आणि डिस्क जाणार हे आधी कळतं का?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ईमेलचा अर्थ एवढाच, की जे घ्यायला सांगितलं होतं ते घेतलं. जानेवारीत कोणी नवा फोल्डर केला आणि तो यादीत टाकलाच नाही, तर ईमेल तरीही 'यशस्वी'च येते. उघडी असलेली आउटलुकची फाइल वगळली जाते, ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपेक्षा लांब झालेल्या फायली काही सॉफ्टवेअर गुपचूप सोडून देतात. आणि ज्याच्या खात्याने बॅकअप लावला होता तो नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद झालं, की ईमेल येणंच थांबतं. न आलेल्या ईमेलकडे कोणाचं लक्ष जात नाही.

दर तीन महिन्यांनी तीन फायली परत काढून पाहा: सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि कालची. त्या दुसऱ्याच कॉम्प्युटरवर काढा, उघडून बघा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. वर्षातून एकदा सगळा डेटा रिकाम्या डिस्कवर उतरवा. त्या दिवशी कोणती किल्ली कुठे आहे, कोणता पासवर्ड कोणाकडे आहे, हे सगळं उघड होतं.

डिस्क अनेकदा आधी खूण देते, पण नेहमी नाही. नॅसच्या स्मार्ट तक्त्यात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात) ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे बघा: बदललेले सेक्टर, वाचायचे अडलेले सेक्टर आणि न वाचता येणारे सेक्टर. ५ चा आकडा लहान आणि महिनोन्‌महिने स्थिर असेल तर थांबता येतं, पण तो वाढू लागला किंवा १९७ शून्यावर राहिला नाही तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा, डिस्क बहुधा ठीक असते. तापमान ३० ते ४० अंशांत हवं, ५० च्या वर गेलं तर पंखा साफ करा.

आणि टिकटिक आवाज येऊ लागला, तर डिस्क बंद करा. दुरुस्तीचे प्रोग्राम तिच्यावर चालवू नका, ते त्याच आजारी डिस्कवर लिहीत सुटतात. टिकटिक न करणाऱ्या, फक्त अडखळणाऱ्या डिस्कची आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून शक्य तेवढं वाचून घेणाऱ्या प्रोग्रामने) पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा आणि जे करायचं ते त्या नकलेवर करा. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय आपल्या हवेत तर मुळीच नको, बाहेर काढताच डिस्कवर दव धरतं.