मधल्या दहा तासांचे काय करावे?

इंदूरहून परदेशी निघणाऱ्यांपैकी अनेकांना मुंबई किंवा दिल्ली येथे एकदा आणि पुढे आखातात किंवा सिंगापूरला पुन्हा एकदा विमान बदलावे लागते. त्यामुळे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे विमानतळावरच्या लांब थांब्याविषयी आहेत. पहिले पत्र अनेक घरांच्या मनातले असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

प्रश्न : आमची वये ७१ आणि ६६ असून आम्ही प्रथमच मुलाकडे मेलबर्नला निघालो आहोत. तिकीट इंदूर–मुंबई–सिंगापूर–मेलबर्न असे एकच आहे. सिंगापूरला सकाळी सहाला उतरून दुपारी चारला पुढचे विमान आहे. पत्नीचे गुडघे दुखतात. हे दहा तास गेटजवळ बसून काढावेत की बाहेर पडता येईल?
— एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : गेटजवळ बसून राहू नका, हे सर्वांत आधी सांगते. माझ्या पहिल्या परदेशप्रवासात मी नऊ तास गेटसमोरच्या खुर्चीवर काढले होते. आपले नाव पुकारतील आणि आपल्याला ते ऐकू येणार नाही, या धास्तीने मी पाणी प्यायलाही उठले नव्हते. विमानात जाण्याची वेळ झाली तेव्हा सैल केलेले बूट पुन्हा घालू लागले, तर पाय इतके सुजले होते की टाच आत शिरेना. नाड्या पूर्ण काढून, बुटाची मागची बाजू दुमडून, पाय ओढत मी विमानापर्यंत गेले. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. आपल्या वयात हा धोका अंगावर घेण्याचे काहीही कारण नाही. दर तासाला थोडे चालावे. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा हृदयाचा त्रास असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता दहा तासांचा हिशेब करू. विमान थांबल्यापासून बाहेर येईपर्यंत आणि फलकावर पुढचे टर्मिनल व गेट पाहून घेईपर्यंत एक तास जातो. सुटण्याच्या एक तास आधी गेटवर असावे आणि तिथवर सावकाश पोहोचण्यासाठी आणखी एक तास हाताशी ठेवावा. उरले सात. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथे सकाळचे सहा वाजले असतील तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेतीनच वाजलेले असतील आणि त्याआधीची रात्र विमानात अर्धवट झोपेत गेलेली असेल. म्हणून पहिले तीन तास झोपेचे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आडवे होता येईल अशा खुर्च्यांचे विश्रांतीचे कोपरे विनाशुल्क आहेत. पत्नीला पाठ टेकून नीट झोपायचे असेल, तर इमिग्रेशनच्या, म्हणजे देशात शिरतानाच्या पासपोर्ट-तपासणीच्या, आतच तासांच्या हिशेबाने खोली मिळते. गुडघ्यांचा विचार करता हा खर्च मी जरूर करीन. म्हणजे फिरायला हाती उरतात चार तास, आणि चार तास कमी नव्हेत.

बाहेर पडण्याविषयी. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान यांसारख्या काही देशांचा वैध व्हिसा जवळ असून आपण तिसऱ्या देशाकडे जात असाल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देण्याची सोय तिथे आहे. तिला व्हिसाच्या प्रकाराच्या व मुदतीच्या अटी आहेत आणि अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. तेव्हा मुलाला सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरील नियम आपल्या व्हिसाशी ताडून पाहायला सांगा, आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे विनामूल्य आगमनपत्रही त्याच्याकडूनच भरून घ्या. प्रवेश मिळत असेल, तर साडेपाच तासांहून अधिक आणि २४ तासांहून कमी थांबा असणाऱ्या प्रवाशांसाठी विमानतळातर्फे अडीच तासांची मोफत शहर-सहल असते. तरुण जोडप्याला मी तीच सुचवली असती. आपल्याला मात्र ‘ज्वेल’ पुरेसे आहे. २०१९ साली उघडलेल्या या काचेच्या घुमटाच्या मधोमध ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळते आणि भोवती चार-पाच मजले चढत गेलेली झाडी आहे. बाकावर बसून पाहावे असे हे दृश्य आहे, आणि ते टर्मिनल एकला लागूनच आहे. फक्त लक्षात असू द्या की ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. प्रवेशाची परवानगी नसेल, तर तिथे जाता येत नाही.

तसे झाले तरी हळहळ करू नका. आतल्या आत टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आहे, टर्मिनल एकच्या गच्चीवर निवडुंगांची बाग आहे, मोफत चित्रपटगृह आहे, पाय दाबून देणारी यंत्रे आहेत. पहिल्या तीन टर्मिनलांमध्ये ये-जा करायला छोटी आगगाडी आहे, त्यामुळे पत्नीला फार चालावे लागणार नाही. फुलपाखरांच्या बागेत दमट उकाडा असतो, तिथे सकाळी जाणे बरे.

तीन गोष्टींची तयारी मात्र इंदूरलाच करावी लागेल. पहिली, व्हीलचेअर. ती किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवून नोंदवावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, असे स्पष्ट सांगावे, कारण नोंदीचे प्रकार वेगवेगळे असतात. विमान बदलताना मदतनीस पुष्कळदा प्रवाशाला ठरावीक जागी बसवून निघून जातात आणि मग ज्येष्ठ माणसे तिथेच अडकून पडतात. म्हणून त्यांना थांबवून विचारा, की गेटवर न्यायला किती वाजता याल आणि आम्ही कुठे उभे राहावे. ती वेळ कागदावर लिहून घ्या. दुसरी गोष्ट, सामान. इंदूरच्या काउंटरवर बॅगेला बांधलेल्या पट्टीवरची तीन अक्षरे स्वतः वाचा. ‘एम-ई-एल’ असेल, तर बॅग थेट मेलबर्नला जाईल. ‘बी-ओ-एम’ असेल, तर ती मुंबईतच उतरवून पुन्हा द्यावी लागेल. अशा वेळी तिथल्या तिथे विचारायला संकोच करू नका. तिसरी गोष्ट म्हणजे हातातली पिशवी : त्या दिवसाची औषधे, चिठ्ठी, एक शाल, पायमोजे, कपड्यांचा एक जोड आणि रिकामी बाटली. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत सुरक्षातपासणी गेटपाशी होते, तेव्हा भरलेली बाटली तिथे पोहोचण्यापूर्वी रिकामी करावी लागते. दशम्या, कोरडी चटणी, लाडू खुशाल न्या आणि सिंगापुरातच संपवा. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ घोषित करावा लागतो, लपवल्यास दंड होतो.

मुंबईत इंदूरचे विमान कोणत्या टर्मिनलवर उतरते ते तिकिटावर पाहून ठेवा. टर्मिनल दोनच्या भिंतींवर तीन किलोमीटरहून लांब पसरलेले भारतीय कलेचे दालन आहे. तपासण्या आटोपून वेळ उरला, तर त्यातले जेवढे वाटेत येईल तेवढे थांबून पाहा.

प्रश्न : मला जानेवारीत टोरंटोला रुजू व्हायचे आहे. दिल्लीहून टोरंटोचे तिकीट वेगळे आणि इंदूर–दिल्ली वेगळे घेतले, तर बरेच पैसे वाचतात. मध्ये सात तास आहेत. दिल्ली पाहूनही होईल, असे वाटते. योग्य ठरेल का?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : जानेवारीत हे करू नका. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते. दोन स्वतंत्र तिकिटे असली, की दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ वेळेवर न आलेले प्रवासी असता.

हे मी भोगलेले आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी इंदूरच्या विमानतळावर लख्ख ऊन पडले होते, पण आमचे विमान यायचे होते दिल्लीहून, आणि दिल्ली धुक्यात बुडालेली होती. फलकावरची वेळ दर पाऊण तासाने पुढे सरकत होती. सहा तासांचे अंतर राखूनही मी दिल्लीत पोहोचले, सामान घेतले आणि धावत काउंटरवर गेले तेव्हा तो बंद झालेला होता. बहुतेक आंतरराष्ट्रीय काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात. काउंटरवरची मुलगी शांतपणे नाही म्हणाली आणि नियमाने तिचे बरोबर होते. नवे तिकीट घ्यावे लागले. त्या रकमेत आधी वाचवलेले पैसे कुठल्या कुठे गेले.

दिल्ली पाहण्याचा विचारही सामानामुळे फसतो. वेगळ्या तिकिटावर बॅगा तुमच्या हाती येतात आणि आंतरराष्ट्रीय काउंटर साधारणतः सुटण्याच्या तीन-चार तास आधी उघडतो. तोवर दोन मोठ्या बॅगा ढकलत बसावे लागते. शिवाय देशांतर्गत विमान टर्मिनल एकवर उतरले, तर तीनपर्यंत पायी जाता येत नाही, रस्त्यानेच जावे लागते.

तरीही स्वतंत्र तिकीटच घ्यायचे असेल, तर आदल्या दिवशी दुपारी दिल्लीत पोहोचा आणि विमानतळाजवळ मुक्काम करा. रेल्वेचा पर्यायही आदल्या दिवसाचाच धरा, कारण धुके गाड्यांनाही थांबवते. मग बॅगा खोलीवर ठेवून टर्मिनल तीनच्या किंवा विमानतळाजवळच्या एरोसिटीच्या स्थानकावरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्थानक गाठता येते. वीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि संध्याकाळ तुमची असते. मुंबईमार्गे जाणाऱ्यांनीही एक खबरदारी घ्यावी. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी विमाने सुटू लागली आहेत. स्वस्त तिकीट घाईने घेताना ‘बी-ओ-एम’ आहे की ‘एन-एम-आय’ हे न पाहिल्यास एका विमानतळावर उतरून दुसऱ्यासाठी साऱ्या शहराची वाहतूक ओलांडावी लागेल.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबई–दुबईमार्गे लंडनला भावाकडे जात आहे. दुबईत रात्री आठ तास आहेत. भावासाठी अनारसे आणि घरचा गोडा मसाला नेणार आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण खाऊचे नाव लिहिले हे फार बरे झाले. अनारशांवर खसखस असते आणि अनेक घरांच्या मसाल्यातही ती पडते. संयुक्त अरब अमिरातींत खसखस बाळगणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आपण केवळ विमान बदलत असलात, तरी तो देश तोच आहे. म्हणून अनारसे नेऊच नयेत आणि मसाला खसखशीशिवाय कुटून घ्यावा. ही अतिशयोक्ती समजू नका. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनीही खसखस घरीच ठेवावी. मुलीच्या खोकल्याच्या औषधात कोडीन हा अफूवर्गातला घटक नाही ना, हेही डॉक्टरांना विचारून घ्या आणि सर्व औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह ठेवा.

मुलीसाठी रात्रीचा क्रम मोडू नका. उतरल्यावर तिला आधी मोकळे पळू द्या, मग हातपाय धुऊन, रात्रीचे कपडे घालून, रोजच्या पांघरुणात निजवा. ओळखीच्या वासाचे पांघरूण असले, की मुले कुठेही झोपतात. तिची ढकलगाडी दुबईत हाती मिळणार की थेट लंडनला जाणार, ते मुंबईच्या काउंटरवर विचारा. थेट जाणार असेल, तर कडेवर बांधण्याची झोळी लागेल. दुबईचे टर्मिनल तीन फार लांबलचक आहे आणि एका भागातून दुसऱ्या भागात आगगाडीने जावे लागू शकते, तेव्हा झोपण्याची जागा गेटचा भाग कळल्यावरच निवडा. भ्रमणध्वनीवर दोन गजर लावा, कारण मुलीबरोबर आपलाही डोळा लागणार आहे, आणि लागायलाच हवा.

प्रश्न : क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या लाउंजचा, म्हणजे विमानतळावरच्या विश्रांतिकक्षाचा, लांब थांब्यात कितपत उपयोग होतो?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मर्यादित होतो. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासच बसू देतात. अनेक कार्डांवर देशातील लाउंज चालते, परदेशातील चालत नाही, आणि काही बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अट घातली आहे. निघण्यापूर्वी बँकेला विचारा. प्रवेश मिळत असेल, तर तो उतरल्या उतरल्या वापरू नका. आधी फिरून घ्या आणि शेवटच्या तीन तासांसाठी लाउंज राखून ठेवा. तिथे स्नानाची सोय असल्यास गरम पाण्याने अंघोळ करा, गरम जेवा आणि धुतलेले कपडे घालून पुढच्या विमानात बसा.